ब्रह्मगिरीची नावं आणि ब्रह्मगिरीचं पाणी

त्र्यंबकेश्वर गावात कुठेही उभं राहिलं तरी पश्चिमेला एक काळी भिंत आकाश अडवून उभी दिसते. दर्शनाला आलेला भाविक तिला ब्रह्मगिरी म्हणतो. गडकोट फिरणाऱ्यांच्या तोंडी तिचं नाव त्र्यंबकगड. जुन्या मराठी इतिहासात श्रीगड हेही नाव भेटतं. आणि त्याच डोंगराच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांच्या गावाचं सरकारी नाव आहे ‘मेटघर किल्ला’. एका डोंगराची ही चार नावं चार निरनिराळ्या माणसांनी ठेवलेली आहेत. प्रत्येकाने आपल्याला त्या डोंगराकडून काय हवं होतं, ते नावात लिहून ठेवलं आहे.

पण डोंगराला एकूण मिळालेली नावं याहून फार जास्त आहेत. ती सगळी मिळून त्याच्या भूगोलाचा एक तपशीलवार नकाशा तयार होतो, आणि तो मुख्यतः पाण्याचा नकाशा आहे. तीर्थाटनाच्या गर्दीत हा नकाशा वाचायचा राहून जातो, म्हणून हा लेख.

आधी डोंगर पाहू. नाशिकहून पश्चिमेला साधारण २८ किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर. २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार वस्ती असलेलं हे गाव ब्रह्मगिरीच्या पूर्व पायथ्याशी वसलं आहे. गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, आणि डोंगराचा माथा सुमारे १,३०० मीटर. म्हणजे गावातल्या माणसाच्या डोक्यावर जवळपास सहाशे मीटरचा चढ आहे, आणि त्याचा वरचा भाग म्हणजे सरळ तुटलेला कडा. कळसूबाई (१,६४६ मीटर) किंवा साल्हेर (१,५६७ मीटर) यांच्यापुढे हा डोंगर बुटकाच. महाराष्ट्रातल्या उंच शिखरांच्या यादीत तो वरच्या क्रमांकावर येत नाही. त्याचं मोठेपण उंचीपेक्षा जागेत आहे. तो सह्याद्रीच्या अगदी पाणलोट रेषेवर बसला आहे.

इथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास. तरीही ब्रह्मगिरीच्या पूर्व अंगावर पडलेलं पाणी समुद्राकडे पाठ फिरवतं आणि महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश ओलांडून १,४६५ किलोमीटरांनी बंगालच्या उपसागराला मिळतं. ती गोदावरी. तिचं खोरं ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं, देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास एक दशांश. याच डोंगराच्या दुसऱ्या अंगावरून वैतरणा निघते आणि ती पश्चिमेला, आपल्या जवळच्या समुद्राला जाते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर हे तिघे तिच्यावरच आहेत. म्हणजे नांदेडचा शेतकरी, राजमहेंद्रीचा कोळी आणि दादरच्या चाळीत नळाखाली हंडा लावणारी बाई, या तिघांचं पाणी एकाच डोंगराशी येऊन पोचतं. पुराणात वैतरणी ही यमलोकाच्या वाटेवरची नदी. तिचं नाव या डोंगरातल्या नदीला मिळालं आहे. पूर्वेला तारणारी गंगा, पश्चिमेला मृत्यूपलीकडची वैतरणा: पाणलोट रेषेच्या दोन बाजू नामकरण करणाऱ्यांना चांगल्याच ठाऊक होत्या.

या डोंगरात पाणी कुठून येतं, हे त्याच्या खडकात आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. सगळे थर सारखे नाहीत. काही काळ्या कातळाचे, घट्ट, उभ्या भेगा पडलेले. काही सच्छिद्र, ज्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढऱ्या खनिजांचे दाणे भरले; विहिरी खणणारे त्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा, गेरूसारखा पट्टा. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळातल्या झिजेची ती खूण. घट्ट कातळाचा कडा होतो, मऊ थराची झीज होऊन त्याखाली सपाट पट्टी तयार होते. ब्रह्मगिरीकडे गावातून पाहिलं तर कडा, पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी अशी रचना स्पष्ट दिसते.

नाशिक शहरात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तर त्र्यंबकला दोन हजारांच्या आसपास. माथ्यावर पडलेल्या या पावसातला बराचसा धो धो वाहून जातो. पण काही भेगांतून खाली झिरपतो, आणि पाणी आत न शिरू देणारा थर लागला की आडवा सरकत कड्याच्या तोंडाशी बाहेर येतो. सह्याद्रीतले बहुतेक झरे असेच, दोन थरांच्या सांध्यावर फुटतात. त्यामुळे ते अंदाधुंद कुठेही नसतात. ठरावीक उंचीवर, कड्याच्या पायाशी सापडतात.

आता नावं घेऊन माथ्यावरून खाली उतरू. माथ्यावर मूळगंगा आहे, आणि जवळच जटाशंकर. शंकराने इथे जटा आपटल्या आणि गंगा बाहेर पडली, अशी श्रद्धा. गौतम ऋषींच्या हातून गोहत्या घडली, तिचं पाप धुण्यासाठी त्यांनी शंकराची तपश्चर्या करून गंगा या डोंगरावर आणली, म्हणून ती गौतमी आणि गोदावरी, ही कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. ब्रह्मपुराणात या नदीच्या काठावरच्या तीर्थांचं वर्णन करणारं गौतमीमाहात्म्य शंभराहून जास्त अध्यायांचं आहे. कथेत पुढे असं येतं, की गंगा माथ्यावर प्रकटली आणि लगेच गुप्त झाली. मग ती दिसली गंगाद्वारी. तिथूनही गुप्त झाली, आणि खाली आणखी ठिकठिकाणी दिसत-लपत राहिली. अखेर गौतमांनी कुश म्हणजे दर्भ टाकून तिला अडवलं, ते कुशावर्त.

माझ्या दृष्टीने ही कथा पाण्याच्या बारीक निरीक्षणातून आलेली आहे. गंगाद्वार हे ठिकाण मुख्य कड्याच्या पायाशी, डोंगराच्या मधल्या पट्टीवर आहे. गावातून सातशेच्या वर पायऱ्या चढून तिथे जावं लागतं, आणि तिथे पाणी कातळातून थेंबाथेंबाने येतं. माथ्यावर मुरलेलं पाणी ज्या जागी पुन्हा दिसावं असं खडकाची रचना सांगते, बरोबर त्या जागेचं नाव ‘द्वार’ आहे. पुढे उतारावर ते पाणी पुन्हा दगडगोट्यांत मुरतं. उतार संपतो आणि जमीन सपाट होते तिथे, गावाच्या मध्ये, भूजल वर येतं, तिथे कुशावर्त. अठराव्या शतकात बांधून काढलेलं हे कुंड सिंहस्थातल्या शैव आखाड्यांच्या स्नानाचं स्थान आहे. त्याच्याही पुढे, त्र्यंबकच्या पूर्वेला बेझे गावाजवळ चक्रतीर्थ. तिथला डोह खोल आहे, आणि गोदावरीला खऱ्या अर्थाने धार लागते ती तिथून, असं परिसरातली माणसं मानतात. मूळगंगा, गंगाद्वार, कुशावर्त, चक्रतीर्थ ही नावं क्रमाने लावली की झिरपणं, फुटणं, साठणं आणि वाहणं असा पाण्याचा सगळा प्रवास समोर येतो. आजचा भूजलतज्ज्ञ याच जागांवर खुणा करील.

‘गोदावरीचा उगम नेमका कुठे?’ असा वाद कधी कधी ऐकू येतो. मला तो निरर्थक वाटतो. एवढ्या मोठ्या नदीला एका बिंदूवर उगम नसतो. सगळा डोंगर हाच उगम असतो. परंपरेने एकाच नदीला चार उगमस्थानं दिली, यात विसंगती काढण्यासारखं काही नाही. नाशिककर आजही घाटावर जायला निघाला की ‘गंगेवर जातो’ म्हणतो. त्याच्या लेखी ती गंगाच.

मग डोंगराला ब्रह्मदेवाचं नाव का? देऊळ तर शंकराचं आहे, बारा ज्योतिर्लिंगांतलं एक. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा. हा शब्द ऋग्वेदातल्या मृत्युंजय मंत्रातही आहे. देवळातल्या पिंडीत अंगठ्याएवढी तीन छोटी लिंगं आहेत, ती ब्रह्मा, विष्णू, महेश यांची. एक कथा सांगते, की ब्रह्मदेव आणि शंकर यांच्यात शापाशापी झाली, आणि त्यातून शंकर ब्रह्मगिरी नावाचा डोंगर होऊन राहिला. म्हणजे नाव ब्रह्मदेवाचं, पण देह शंकराचा. डोंगराच्या पाच शिखरांची नावं या समजुतीला धरून आहेत: सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान, म्हणजे शंकराची पाच मुखं. डोंगर हाच देव असेल तर त्याला प्रदक्षिणा घालायला हवी. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी याच विचारातून आली. तिसऱ्या सोमवारी तर वाट माणसांनी फुलून जाते. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. भर पावसात अनवाणी चालणारी माणसं पेगलवाडी, पहिने अशी डोंगराला वळसा घालत जातात. या वाटेवर एक गोष्ट सहज घडते, ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. गोदावरीच्या खोऱ्यातून निघालेला माणूस खिंड ओलांडून वैतरणेच्या खोऱ्यात उतरतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा गोदावरीत येतो. एका दिवसात तो भारताची मोठी पाणलोट रेषा दोनदा ओलांडतो.

या फेरीशी मराठी वाङ्मयाचाही संबंध आहे. परंपरा सांगते, की विठ्ठलपंत कुटुंबासह ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेले असताना वाघ समोर आला, सगळ्यांची पांगापांग झाली आणि लहानगा निवृत्ती एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. निवृत्तिनाथांकडून ती नाथपरंपरा ज्ञानदेवांकडे आली. निवृत्तिनाथांची समाधी याच डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात.

ब्रह्मगिरी हे नाव एकट्या त्र्यंबकचं नाही. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यात तलकावेरी आहे, कावेरीचं उगमस्थान, आणि तेही ज्या डोंगरावर आहे त्याला ब्रह्मगिरीच म्हणतात. त्याची उंचीही आपल्या ब्रह्मगिरीच्या जवळपास, १,२७६ मीटर. सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला जाणाऱ्या मोठ्या नद्यांपैकी दोघींच्या माथ्यावर ब्रह्मदेवाचं नाव असावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ब्रह्मदेव सृष्टीचा आरंभकर्ता. जिथे नदीचा आरंभ, तिथे त्याचं नाव द्यावं, असा विचार दोन्हीकडे झाला असावा. कोडगू आणि वायनाड यांच्या सीमेवर याच नावाची आणखी एक डोंगररांग आहे, आणि ओडिशात पुरीजवळ ब्रह्मगिरी नावाचं गाव. प्रवासाच्या किंवा संशोधनाच्या पुस्तकात हे नाव आलं की कोणतं ते तपासून घेतलेलं बरं.

नावं टिकतात तशी हरवतातही. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीची ही रांग पूर्वेला नाशिककडे जाते आणि शेवटी पांडवलेण्यांच्या सुट्या टेकडीजवळ संपते. तिथल्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातले प्राकृत शिलालेख आहेत. त्यांत त्या टेकडीचं नाव कोरलेलं आहे: तिरण्हु, संस्कृतात त्रिरश्मी. मधल्या शतकांत लोक ते विसरले, लेणी पांडवांच्या नावे झाली. आज बौद्ध उपासकांनी आणि अभ्यासकांनी त्रिरश्मी हे नाव पुन्हा वापरात आणलं आहे. एकाच रांगेच्या एका टोकाचं नाव दगडात कोरलेलं असून विस्मृतीत गेलं, आणि दुसऱ्या टोकाचं नाव दरवर्षी चालणाऱ्या पावलांनी जपलं.

मधली अंजनेरी हनुमानाच्या आईच्या, अंजनीच्या नावाची. या डोंगराने तर वनस्पतिशास्त्रालाही नाव दिलं. कंदीलपुष्पाच्या कुळातली एक नवी जात इथे सापडली आणि २००६ मध्ये तिचं ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ असं नामकरण झालं. पुराणातली अंजनी अशी जगभरच्या वनस्पतिकोशांत पोचली.

आता ‘मेटघर किल्ला’. मेट म्हणजे गडाच्या अंगावरची पहाऱ्याची चौकी आणि तिथल्या राखणदारांची वस्ती. राज्य कोणाचंही असो, यादवांचं, निजामशाहीचं, मोगलांचं की मराठ्यांचं, त्र्यंबकगडाला वेढून बसलेली ही मेटं कायम होती. शिवाजी महाराजांच्या काळात मोरोपंत पिंगळ्यांनी हा गड स्वराज्यात आणला. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तो घेतला, पहाऱ्याची गरज संपली, पण माणसं तिथेच राहिली. हत्तीमेट, सुपलीची मेट ही वस्त्यांची नावं आजही तीच आहेत. ही मेटं कुठे आहेत? मघाशी सांगितलेल्या मधल्या पट्ट्यांवर, कड्याच्या पायाशी, जिथे थोडी माती आहे आणि झरा लागण्याची शक्यता आहे. पहारेकऱ्याला वाट दिसायला हवी आणि प्यायला पाणी हवं. दोन्ही गोष्टी तिथेच मिळतात.

गडपणाच्या खुणा पाहायच्या तर डोंगराच्या टोकाला असलेल्या दुर्गभांडाराकडे जावं. कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्या खोल उतरतात, मग ठेंगणं दार, त्यातून वाकून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना दरी आणि मध्ये नैसर्गिक दगडी भिंतीची चिंचोळी वाट. पलीकडे पुन्हा दार आणि पायऱ्या. निसर्गाने सोडलेल्या एका पट्टीचा असा उपयोग करणारे पाथरवट कोण होते, त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. याउलट भाविक ज्या पायऱ्यांनी ब्रह्मगिरी चढतात, त्या १९०८ मध्ये कराचीच्या शेठजींच्या देणगीतून झाल्याची नोंद आहे.

इतका वेळ नावांबद्दल बोललो. पण नाव ज्याला दिलं ते पाणी आज कसं आहे, हे सांगितलं नाही तर लेख अर्धवट राहील. मेटांवरच्या बायका एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी कड्याकपारीत उतरतात, खोल विहिरीच्या तळातून वाटीवाटीने हंडे भरतात. पावसाळ्यात ज्यांच्या घरावरून धबधबे कोसळतात आणि ज्यांच्या डोंगराचं पाणी तीन राज्यांत नि मुंबईत पोचतं, त्यांचे हंडे उन्हाळ्यात रिकामे असतात. खाली गावात कुशावर्ताजवळून जाणारी गोदावरी काँक्रीटच्या स्लॅबखाली आणि रस्त्यांखाली गाडली गेली आहे. नदीवरून चालतो आहोत हे यात्रेकरूला कळतही नाही. त्याविरुद्ध स्थानिकांना हरित लवादाकडे जावं लागलं. अलीकडच्या काळात पायथ्याच्या टेकड्या यंत्रांनी फोडून जमीन सपाट करण्याचे प्रकार झाले, तेव्हा नाशिक-त्र्यंबकच्या कार्यकर्त्यांनी आरडाओरड केली म्हणून ते उजेडात आले.

हे केवळ सौंदर्याचं नुकसान नाही. झरा म्हणजे माथ्यावरची माती, झाडं, भेगा आणि खालचा थर यांची एक साखळी. उतार कापला, माती वाहून गेली, की पाणी मुरायच्या आधीच निघून जातं आणि झरा महिनाभर आधी आटतो. शिवाय कापलेला उतार मुसळधार पावसात घसरतो. कोडगूच्या ब्रह्मगिरीने हे दाखवून दिलं आहे: २०२० च्या ऑगस्टमध्ये तलकावेरीजवळ डोंगराचा भाग कोसळला आणि पुजाऱ्यांची घरं ढिगाऱ्याखाली गेली.

पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. लाखो माणसं त्र्यंबकला येतील, कुशावर्तावर स्नान करतील. त्यासाठी रस्ते रुंद होतील, वाहनतळ होतील, निवारे उभे राहतील. ही कामं डोंगराचा उतार न कापता करायला हवीत. कुशावर्तात उतरणाऱ्या पाण्यासाठी माथ्यावर आणि मेटांच्या पट्ट्यांवर झाडं आणि माती राखणं, झऱ्यांच्या वरच्या भागात बांधकाम बंद करणं, नदीवरचा स्लॅब जिथे काढता येईल तिथे काढणं, ही सिंहस्थाची पहिली कामं ठरली पाहिजेत. त्यांचा पहिला हक्कदारही ठरलेला आहे: मेटांवरचा माणूस, जो सगळ्यांच्या आधी त्या पाण्याजवळ राहतो. आणि त्र्यंबकला जाणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. देवळातून थेट परतू नका. गंगाद्वारापर्यंत चढा, तिथे कातळातून येणारं पाणी पाहा, वाटेत मेटावरच्या कोणाशी तरी दोन शब्द बोला, आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी कुठून आणावं लागतं ते विचारा.